पट्ट्याच्या परीक्षेची तयारी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. या व्यासपीठावर आजवर चढले ती हळदीकुंकवाच्या वेळी खुर्च्या मांडण्यापुरती. परंतु त्या म्हणाल्या, "तुम्ही पांढरा पोशाख घालून संध्याकाळी कोठे जाता, हे अर्ध्या आळीला ठाऊक नाही आणि उरलेल्या अर्ध्या आळीला भलतेच ठाऊक आहे. तेव्हा एकदा तुम्हीच सांगून टाका." म्हणून उभी आहे.

तर मी तायक्वांदो शिकते. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझी हिरव्या पट्ट्याची परीक्षा आहे, आणि त्याच सकाळी, त्याच ठिकाणी, माझ्या मुलीची तांबड्या पट्ट्याची.

कराटे हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. ते जपानकडचे, तायक्वांदो कोरिया देशातले. त्यांच्या भाषेत 'ते' म्हणजे पाय, 'क्वॉन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. हे नाव १९५५ साली ठरले. सोल शहरात कुक्कीवॉन म्हणून या विद्येचे मुख्य ठाणे आहे, ते १९७२ साली उभे राहिले. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकपासून या खेळाला पदके आहेत. एवढी माहिती तोंडी परीक्षेत विचारतात, म्हणून ती मला घडाघडा येते!

पट्ट्यांची गोष्ट मात्र मला स्वतःलाच जाणून घ्यावीशी वाटली. कमरेच्या पट्ट्यावरून शिष्याची पायरी ओळखावी ही कल्पना जपानातील ज्यूदोचे गुरू जिगोरो कानो यांची. त्यांनी १८८२ साली आपली शाळा काढली. तेथे पांढरा आणि काळा एवढेच भेद होते. मधले रंग पुढे युरोपात आले. पॅरिसमध्ये कावाइशी नावाच्या शिक्षकांनी १९३० नंतरच्या वर्षांत ते रूढ केले. काळ्या पट्ट्याला अनेक वर्षे लागतात. तेवढा धीर कोणाला असतो? मध्ये मध्ये काही हाती लागले की माणूस टिकतो. आपण मुलांना पाढे शिकवताना दहाच्या पाढ्यापाशी खाऊ देतो, त्यातलाच प्रकार.

आमच्यात पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, तांबडा आणि काळा असा क्रम आहे, मध्ये अर्ध्या पायऱ्याही आहेत. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला काळ्याऐवजी अर्धा तांबडा, अर्धा काळा पट्टा मिळतो, त्याला 'पूम' म्हणतात. रंगांचा अर्थ सर असा सांगतात की, पांढरा म्हणजे काहीच न येणारा. पिवळा म्हणजे बी रुजते ती माती. हिरवा म्हणजे कोंब. निळा म्हणजे झाड ज्याच्याकडे वाढते ते आकाश. तांबडा म्हणजे सावधान! मी म्हटले, "सर, रत्नागिरीत माती तांबडी असते, तेव्हा आमचा क्रम जरा चुकलाच." सर हसले, पण क्रम तोच राहिला.

आता मी यात कशी पडले ते सांगते. माझी मुलगी चौथीत असल्यापासून मारुती मंदिराच्या बाजूला वर्गाला जाते. ती आठवीत गेली आणि घरात बोलणे निघाले. सासूबाई म्हणाल्या, "आता मोठी झाली. पुरे त्या लाथा. आणि वर्ग सुटतो साडेसातला, पावसाळ्यात तेव्हा मिट्ट काळोख. रोज तिला आणणार कोण?"

भगिनींनो, हा प्रश्न मी पूर्वी एकदा ऐकला होता. आमच्या वाडीत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत होती. पुढची शाळा खाडीपलीकडे, तरीने जावे लागे. "पोरीला रोज तरीवर पोचवणार कोण?" एवढ्या एका प्रश्नावर माझे शिक्षण संपले. विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. तसेच सासूबाईंच्याही मनात नव्हते. काळोख खराच होता. परंतु त्या दिवशी या प्रश्नाला उत्तर देता येण्याइतकी मी मोठी झाले होते. मी म्हटले, "मी आणीन."

दोन महिने मी रोज जाऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसत असे. एके दिवशी सर बाहेर येऊन म्हणाले, "काकी, नुसत्या बसता त्यापेक्षा उभ्या राहा." आणखी एक आई उभी राहत असेल तर राहीन, असे मी म्हटले. दोघी मिळाल्या. आम्ही तिघी आणि बाकी सगळी सहा ते सोळा वर्षांची मुले! आमच्या घरी यांनी एवढेच विचारले की, पोशाख केवढ्याला पडतो.

तयारी म्हणजे काय करावे लागते, हे आता सांगते, कारण बायका मला तेच विचारतात. पहिली गोष्ट आकडे. कोरियन भाषेत मोजावे लागते : हाना, दूल, सेत, नेत... दहापर्यंत. मी ते घावने घालताना पाठ केले. दहा घावने झाले की पुन्हा हाना. आता बाजारात नारळ मोजतानाही तोंडात तेच येते आणि नारळवाला चमकून पाहतो.

दुसरी गोष्ट 'पूमसे'. समोर शत्रू आहे असे मनात धरून ठरलेल्या क्रमाने वार आणि अडवणूक करायची, ती रचना. पहिल्या रचनेचे नाव 'तेगुक इल जांग'. तिच्यात अठरा हालचाली. डावीकडे वळून हाताने खालचा वार अडवावयाचा, एक पाऊल पुढे टाकून छातीच्या उंचीवर ठोसा. मग पाठ फिरवून उजवीकडे तसेच. ज्या वाटांनी पावले पडतात त्या जमिनीवर काढल्या तर आडव्या तीन रेघा आणि मधोमध एक उभी, अशी आकृती होते. मी ती पडवीतल्या लादीवर रांगोळीने काढली. एक शेजारीण येऊन हळूच विचारून गेली की, ही कोणत्या व्रताची! शेवटी परत सुरुवातीच्या जागेवर येऊन उभे राहावयाचे असते. हातभर इकडे तिकडे आलात तर समजावे की एखादे पाऊल लहान पडले. रांगोळी खोटे बोलत नाही.

तिसरी गोष्ट लाथ. त्याविषयी मी धीर देऊ शकते. आधी गुडघा वर, मग पाय लांब, बोटे मागे ओढून चवड्याने मारावयाचे आणि पाय तसाच दुमडून परत. आपण बायका विळीवर बसून उठतो, तांदूळ निवडायला मांडी घालतो. आपले गुडघे अजून वाकतात. आणि ज्या बाईने मंगळागौरीला बसफुगडी घातली आहे तिला मांड्यांचे व्यायाम कोणी शिकवावे लागत नाहीत. सरांनी बेडूकउड्या घालायला सांगितल्या तेव्हा आम्ही तिघी मुलांपेक्षा जास्त वेळ टिकलो. तोल मात्र वेगळा. एका पायावर उभे राहून दुसरा कमरेपर्यंत उचलणे मला पहिले दोन महिने ओट्याला धरूनच करावे लागले. डाळ शिजेपर्यंत उजवा पाय, भात होईपर्यंत डावा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, हे मी मुद्दाम सांगते. आमच्यातल्या एकीला डॉक्टरांनी उड्या मना केल्या आहेत. ती बाकीचे सर्व करते.

सर्वांत अवघड काय म्हणाल तर ओरडणे. ठोसा मारताना पोटातून मोठा आवाज काढावयाचा असतो, त्याला 'किहाप' म्हणतात. इल जांगच्या शेवटच्या ठोशाला तो यावाच लागतो. न आल्यास गुण जातात. सहा वर्षांची पोरे गगनभेदी ओरडतात. आम्हां तिघींच्या तोंडून उंदराएवढा आवाज निघे. जन्मभर "हळू बोल, बाहेर ऐकू जाईल" हे ऐकलेले. तो गळा एका दिवसात कसा उघडणार? घरी सराव करावा तर शेजारी धावून येतील. म्हणून रविवारी सकाळी सर सर्वांना भाट्याच्या पुळणीवर नेतात तेव्हा मी सुरूच्या बनाकडे जरा पुढे जाऊन समुद्राकडे तोंड करून ओरडते. लाटांच्या आवाजात कोणाला कळत नाही. पहिल्यांदा खणखणीत आवाज निघाला तेव्हा मी स्वतःच मागे वळून पाहिले, कोण ओरडले म्हणून.

पोशाख सांभाळणे हे निराळेच काम. तो जाड कापडाचा, पांढराशुभ्र, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा. दोरीवर तीन दिवस टांगून वाळत नाही. मागच्या पडवीत चुलीवर उंच दोरी बांधून मी दोघींचे पोशाख सुकवते. सबंध वर्गात धुराचा वास फक्त आम्हां मायलेकींना येतो!

आता जरा मनातले बोलते. सातवीनंतर माझी परीक्षा कोणी घेतली नव्हती. घरात आपला निकाल रोज लागतो, परीक्षा मात्र कधीच होत नाही. आमटी पुढे आली की "आज अशीच झाली" म्हणतात. मीठ कमी की चिंच जास्त ते सांगत नाहीत. नाव ठेवणे वेगळे आणि चूक दाखवणे वेगळे. गेल्या खेपेस माझ्या मुलीला सरांनी परीक्षेला बसू दिले नाही. कागदावर एकच ओळ लिहून दिली : 'मागच्या पायाची टाच उचलली जाते.' ती दोन दिवस रडली. नात्यातले एकजण बोललेही, "चार वर्षे शिकून शेवटी नापासच ना?" मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. त्यात मुलगी वाईट आहे असे लिहिले नव्हते, आळशी आहे असे लिहिले नव्हते. टाच, एवढेच. टाच खाली ठेवता येते. चार महिने ती पडवीत टाचेखाली कागदाचा कपटा ठेवून, तो हलू न देता ठोसे मारत होती. आता तो कपटा हलत नाही.

आणि सासूबाई? त्या पडवीतच जपमाळ घेऊन बसतात. त्या पाहत आहेत हे आम्हांला कित्येक दिवस कळलेच नाही. एके संध्याकाळी माझे इल जांग संपले आणि त्या माळेवरून बोट न काढता म्हणाल्या, "सतराच झाले हो आज." पुन्हा करून पाहिले तर त्यांचेच खरे. आता त्या मोजल्याशिवाय आम्ही उठत नाही. काळोखाविषयी त्यांचे मत बदललेले नाही, आणि बदलू नये असेच मला वाटते.

कारण पट्ट्याने कोणी अजिंक्य होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सर पहिल्याच दिवशी सांगतात की, रस्त्यात कोणी अंगावर आला तर पहिले काम ओरडणे, दुसरे पळणे, हात-पाय त्यानंतर. सहा महिने शिकून पोरगी चार गुंडांना लोळवील असे जो सांगेल त्याच्या वर्गाला आपल्या मुली पाठवू नका. काही पालक "फी भरली आहे, पट्टा द्या" म्हणून भांडायला येतात, तेही मी कट्ट्यावर बसून पाहिले आहे. असा मिळालेला पट्टा पोशाख बंद ठेवायला दोरी म्हणून चालेल.

आपल्या सभांतून झाशीच्या राणीचे नाव नेहमी निघते. त्यांच्या सासरचे, नेवाळकरांचे, मूळ गाव कोट, आपल्याच लांजा तालुक्यातले, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. बालवाडीच्या संमेलनात दरवर्षी एक तरी राणी पुठ्ठ्याची तलवार घेऊन येते. तीच मुलगी तेरा वर्षांची झाली की तिला संध्याकाळी घरात बसवतात. आमच्या वर्गात पिवळ्या पट्ट्याला मुली आणि मुलगे जवळजवळ सारखे आहेत. तांबड्याला बसणारी माझी मुलगी एकटीच मुलगी आहे. बाकीच्या गेल्या कोठे? त्यांतल्या तीन तर आपल्याच आळीत आहेत आणि त्यांच्या आया येथे समोर बसल्या आहेत. मी कोणाला दोष देत नाही. आणणार कोण, हाच प्रश्न त्यांच्याही घरी आला असेल.

म्हणून अध्यक्षीणबाईंना माझी एक विनंती आहे. आपले सभागृह सोमवार ते गुरुवार संध्याकाळी बंद असते. शुक्रवारी भजन असते, त्या दिवशी आम्ही येणार नाही. साडेपाच ते साडेसहा एवढा तास सरावासाठी मिळाला तर आळीतल्या मुलींना काळोखातून यावे लागणार नाही, आणि वर्गाच्या दिवशी आम्ही तिघीजणी पाळीपाळीने त्यांना नेऊ-आणू. मला शिकवता येत नाही, मी अजून पिवळ्या पट्ट्याचीच आहे; पण बरोबर उभे राहता येते, आणि मोजायला सासूबाई येतो म्हणाल्या आहेत. सतरंज्या गुंडाळून पुन्हा जागेवर घालण्याचे काम माझे. पोशाख लागत नाही, सलवार-कमीज चालेल. मंगळसूत्र आत घ्यावे, काचेच्या बांगड्या मात्र घरी ठेवून याव्या. फुटल्या तर समोरचीला लागतात.

सभागृहाची किल्ली सध्या कोणाकडे असते, तेवढे चिटणीसबाईंनी मला चहाच्या वेळी सांगावे.