घाटावरच्या जास्तीच्या बायका

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी गटाची बैठक आटोपून रेडिओ लावून बसल्या असाल, कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल. मी वाई तालुक्यातली, अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई. निवृत्तीनंतर आता काय करता, असं बऱ्याच जणी विचारतात. खरं सांगू? थंडीत सकाळी चहाचा कप घेऊन मी ओट्यावर बसते आणि धुकं बघते.

तुम्ही हसाल. नोकरीत असताना मलाही हसू आलं असतं. तेव्हा धुकं म्हणजे ओलं जळण, धुमसणारी चूल आणि अंगणवाडीत उशिरा येणारी पोरं, एवढंच.

आमच्याकडे पौषात कृष्णेच्या खोऱ्यात धुकं साचतं. रात्र मोठी, आभाळ मोकळं, त्यामुळे जमीन लवकर निवते. डोंगरावरची गार हवा जड असते. ती उतारानं खाली येऊन खोऱ्यात बसते आणि नदीकाठच्या ओलीचं धुकं होतं. वर पांडवगड कोवळ्या उन्हात असतो आणि खाली नदी कुठं, ऊस कुठं, कळत नाही. ऊन तापलं की एकेक गोष्ट वर येते. आधी झाडांचे शेंडे, मग देवळांचे कळस, मग पिवळी पडलेली हळदीची रानं आणि सगळ्यात शेवटी नदी.

हे बघायला मला शिकवलं ते टीव्हीच्या शूटिंगनं.

१९८६ सालची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. आमच्या गावाजवळ मेणवली आहे. तिथं नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेचा दगडी घाट. १७३९ साली वसई जिंकल्यावर तिकडून आलेली मोठी घंटाही तिथंच आहे. त्या घाटावर पेशवाईच्या काळातली एक मालिका घ्यायला मंडळी आली होती. त्यांना गर्दीला माणसं हवी होती. मुकादम गावात येऊन म्हणाला, "नऊवारी नेसणाऱ्या बायका पाहिजेत, घागरी घरच्या आणा." आई निघाली, मागोमाग मी. आण्णांना पालखीच्या भोयांत घेतलं.

पहाटे घाटावर गेलो. आमच्या पायातल्या रबरी चपला काढायला लावल्या, प्लॅस्टिकच्या बांगड्या उतरवल्या, एकीची प्लॅस्टिकची घागर बाजूला ठेवली. एक पोरगा सांगून गेला, "पाण्यात उतरायचं, घागर भरायची, वर यायचं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही." आई माझ्या कानात म्हणाली, "वर बघू नको, हे तर आपल्याला लहानपणापासूनच शिकवलंय."

त्या गार पाण्यात आम्ही किती वेळा उतरलो, मोजलं नाही. कधी ढग आला म्हणून, कधी पालखी चुकली म्हणून, पुन्हा पहिल्यापासून. खरं धुकं उठून गेलं की शेगडीत निखारे घालून त्यावर धूप टाकायचे आणि धूर करायचे. मधल्या वेळात नुसतं बसायचं. आयुष्यात पहिल्यांदा आई आणि मी दिवसाउजेडी रिकाम्या हातानं बसलो. तेव्हा दिसलं, की ज्या नदीवर आम्ही रोज धुणं धुतो, ती बघायला लोक मुंबईहून येतात. आई म्हणाली, "आपण हिच्याकडं कधी पाहिलंच नाही गं."

तिथं आम्हाला 'एक्स्ट्रा' म्हणायचे. मी आईला अर्थ सांगितला, जास्तीच्या. ती म्हणाली, "बायकांवाचून पाणवठा असतोय व्हय?"

संध्याकाळी पैसे वाटले. काठावर चालणाऱ्या पुरुषांना वीस रुपये, पाण्यात उभ्या बायकांना पंधरा. तेही आमच्या हातात नाहीत. मुकादमानं आईचे आणि माझे पैसे आण्णांच्या हातावर ठेवले. आई तिथं काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "पाय माझं गारठलं, पैसं दुसऱ्याच्या मुठीत कशापायी?" रात्री ती चार घरी जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी एकही बाई घाटावर गेली नाही. मुकादम धावत आला. म्हणाला, दुसऱ्या बायका आणीन. पण ते चालणार नव्हतं. आदल्या दिवशी अर्धा प्रसंग झाला होता. उरलेल्या अर्ध्यात तीच लुगडी, तीच तोंडं, त्याच घागरी लागणार होत्या. नाहीतर चित्र जुळलंच नसतं. आम्ही जास्तीच्या आहोत की गरजेच्या, हे तेव्हा त्यालाही कळलं आणि आम्हालाही.

त्या दिवसापासून प्रत्येकीचे पैसे तिच्या हातात पडले. आईनं अंगठा उठवला, मी सही केली. दर मात्र पंधराच राहिला. सारख्या कामाला सारखा पगार, हा कायदा १९७६ सालीच झाला होता. आम्हाला तो माहीत नव्हता. माहीत असता तर वीससुद्धा मागितले असते, ही चुटपुट मला अजून आहे.

मालिका लागली तेव्हा गावातल्या एकुलत्या एक टीव्हीपुढे सगळं गाव बसलं. पालखी आली, पुढे नट बोलत होते आणि मागे पायऱ्या चढणारी एक बाई. पाठमोरी. मी ओरडले, "आई, तू!" डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती गेली. आई म्हणाली, "माझी पाठ अशी दिसते होय? जन्मात पाहिली नव्हती."

आई आता नाही. धुकं उतरतं तेव्हा ती पायऱ्या चढताना मला दिसते.

मैत्रिणींनो, आता भोगी येईल. तीळ लावून बाजरीच्या भाकरी, वांगी, वाल, गाजर, घेवडा, सगळं कराल. त्या दिवशी सकाळी दहा मिनिटं काढा. हातातलं काम खाली ठेवा, उंबऱ्याबाहेर बसा आणि आपलं शिवार बघा. आणि कामाचे पैसे कुणाच्या हातात पडतात आणि किती पडतात, तेही बघा. मजुरीला जाताना दर आधी विचारा, सगळ्या जणी मिळून विचारा. एकटीला नाही म्हणणं सोपं असतं. सगळ्या घागरी घरी राहिल्या की पालखी अडते.

बरं, माझा चहा निवला. नमस्कार.