अकरा म्हणजे अकराच

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: घरातल्या घरात एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल पाठवायला रात्र का लागते? मीही यात फसलो होतो, म्हणून माझंच उदाहरण देतो.

माझी बहीण इथे चेन्नईत वेळचेरीला तळमजल्यावर राहते. डिसेंबर 2015च्या पुरात तिचे अल्बम भिजून लगदा झाले. आमच्या वडिलांचे फोटो त्यातच होते. 2023च्या डिसेंबरात मिचौंग वादळात पाणी पुन्हा दारात आलं, तेव्हा ठरवलं की उरलंय ते सगळं स्कॅन करायचं आणि दोन ठिकाणी ठेवायचं. बेझंट नगरच्या आमच्या घरी खाली एक कॉम्प्युटर, वरच्या मजल्यावर दुसरा. मधे भिंतीतून केबल. माल साधारण 300 जीबी.

कॉपी सुरू केली. आकडा दिसला, सेकंदाला 11 एमबी. म्हणजे साडेसात तास! मी काय केलं? इंटरनेटवाल्याला फोन लावला, त्याच्यावर आवाज चढवला, आणि वर नवा राउटर विकत आणला. दोन्ही चूक. घरातल्या घरात फाइल जाते तेव्हा इंटरनेटचा संबंधच नसतो. फोन करून त्या मुलाची माफी मागितली.

खरं तर तो 11चा आकडाच सगळं सांगत होता. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये लिहितात, फाइलचा वेग मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. 100ला आठने भागा, साडेबारा. वरचा खर्च वजा केला की 11-12 उरतात. म्हणजे 1000 मेगाबिटची लाइन 100वर चालली होती. 1000वर 110च्या आसपास मिळायला हवेत, आणि तेवढाच माल पाऊण तासात जातो. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' बघा. माझ्याकडे तिथे स्पष्ट 100 लिहिलं होतं.

आता दोष शोधायचा. फौजेत टेलिफोन लाइन तुटली की जवान अर्ध्यावर जाऊन तपासतो: इकडे बोलणं होतंय का, तिकडे होतंय का. तसंच. आधी वरचा कॉम्प्युटर उचलून खाली आणला आणि छोट्या केबलने सरळ राउटरला जोडला. लगेच 1000! म्हणजे कॉम्प्युटर ठीक, राउटर ठीक (जुनाही ठीकच होता). दोष भिंतीत.

वरचा सॉकेट उघडला. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. 100 मेगाबिटला दोनच पुरतात, 1000ला चारही लागतात. एक जोडी गेली की बहुतेक कार्डं तक्रार न करता 100वर उतरतात, म्हणून काही बिघडलंय असं वाटतच नाही. निळ्या जोडीची एक तार हिरवी पडून सुटली होती. समुद्राची हवा, दुसरं काय. टोक कापून नव्याने बसवलं.

वायफायवाल्यांसाठी दोन शब्द. दोन्ही कॉम्प्युटर वायफायवर असतील तर तोच माल हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे आणि एकदा तिथून पुढे, म्हणून वेग साधारण निम्मा. एकाला तरी केबल लावा.

केबल नीट होऊनही वेग चढ-उतार करत असेल तर नेटवर्क सोडा, डिस्क बघा. 'आयपर्फ' नावाचा फुकट प्रोग्राम डिस्कला हात न लावता फक्त लाइन मोजतो. तो 940च्या आसपास दाखवतो आणि कॉपी तरी रांगते, तर जुनी हार्डडिस्क किंवा हजारो बारक्या फाइल हे कारण. बारक्या फाइल आधी झिप करून एकच गठ्ठा पाठवा. माझे छोटे फोटो तसेच गेले.

संध्याकाळी चारला कॉपी लावली, चहा होऊन फिरून येईपर्यंत संपली. मग दोन्हीकडची फाइलसंख्या जुळवली, दहा-बारा फोटो उघडून पाहिले. तिसरी प्रत आता बहिणीच्या मुलाबरोबर पुण्याला गेली आहे.