पित्तच आहे, असं कोणी सांगितलं?

आम्ही बचत गटाच्या बायका, मूर्तिजापूरहून बोलतोय.

बैठकीत हप्ते जमा झाले की दुखण्याच्या गोष्टी निघतात. त्यात सगळ्यात जास्त ऐकू येतं ते, "काही नाई वं माय, पित्त आहे." आंबट ढेकर आली, पित्त. छातीत जळजळ, पित्त. जेवण जात नाही, तरी पित्तच. आणि पित्त नसलं तर आपल्या खारपाणपट्ट्याचं पाणी आहेच नाव ठेवायला. मग मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणायचं, रोज सकाळी एक घ्यायची, असं वर्षानुवर्षं. गोळीनं आग शमते, पण ती कशानं लागली ते कळत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंचं सांगतो. त्यांना विचारूनच सांगतोय, नाव तेवढं घेत नाही. कापूस वेचणीत गुडघे धरायचे म्हणून त्या उपाशीपोटी दुखण्याची गोळी घेऊन वावरात जायच्या. पुढं थकवा येऊ लागला. हिमोग्लोबिन 7 निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. संडास काळी व्हायची, ती त्या गोळ्यांनीच, असं त्यांनी धरून चाललं. लोहाच्या गोळीनं रंग काळपट होतो, हे खरं आहे. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची संडास ही पोटात रक्तस्राव होत असल्याची खूण असते. उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं आणि त्यांना अकोल्याला पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

दुर्बिणीच्या तपासणीचं नाव काढलं की आपण घाबरतो. त्यात फाडणं-कापणं काही नसतं. सहा-आठ तास उपाशी राहायचं, घसा बधिर करायचा फवारा मारतात, मग तोंडातून बारीक नळी जठरापर्यंत जाते. उमासे येतात, पण काही मिनिटांत काम होतं. ताईंच्या जठरात जखम दिसली, म्हणजे अल्सर. सोबत एच. पायलोरी नावाचा जंतूही सापडला.

या जंतूची गोष्ट मोठी गमतीची आहे. अल्सर काळजीनं आणि तिखटानं होतो, असं जगभर मानायचे. ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल या दोन डॉक्टरांना जंतूचा संशय आला. कोणी ऐकेना, म्हणून 1984 मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन टाकला आणि आजारी पडले! 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपला ठेचा बिचारा उगाच बदनाम. उपाशीपोटी घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या मात्र खरंच जठराला जखम करतात. ताईंना 14 दिवसांचं औषध दिलं. बरं वाटलं म्हणून ते मधेच सोडायचं नसतं. आणि जंतू गेला की नाही, हे नंतर पुन्हा तपासावं लागतं.

प्रत्येक ढेकरीला तज्ज्ञ लागत नाही. पण घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, उलटीत रक्त किंवा संडास काळी दिसली, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला असेल, तर थांबू नका. रक्ताची उलटी झाली तर त्याच घटकेला दवाखाना. तळलेलं खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत जात असेल, तर पित्ताशयात खडे असू शकतात, ते सोनोग्राफीत दिसतात. कावीळ झाली की माळ बांधणं आणि नाकात औषध घालणं आपल्याकडे अजून चालतं. ते करायच्या आधी रक्त तपासा. कावीळ कशाची आहे, हे माळेला कळत नाही.

जाताना जुने कागद आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, मेडिकलमधून आणलेलीही. रेशन कार्ड, आधार कार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांना विचारा.

राहिला पैसा. बी-बियाण्याला, लग्नाला कर्ज मागताना आपण लाजत नाही, स्वतःच्या पोटासाठी मागताना लाजतो. म्हणून आमच्या गटानं ठराव घेतला आहे, तपासणीची उचल महिन्याच्या बैठकीसाठी थांबवायची नाही. अध्यक्ष आणि सचिव सह्या करून त्याच आठवड्यात पैसे देतात. सोबत जायला एक बाईही गटातूनच जाते.