जमीन, सनद आणि राजमुद्रा



एडिंबरो येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘महामुद्रेची नोंदवही’ या नावाने ओळखला जाणारा एक जुना दफ्तरसंग्रह आहे. स्कॉटलंडच्या राजांनी आपली महामुद्रा लावून जी पत्रे दिली, त्यांच्या नकला या संग्रहात उतरवून ठेवलेल्या आहेत. १३०६ ते १६६८ या काळातील नोंदी पुढे अकरा छापील खंडांत प्रसिद्ध झाल्या. हे खंड चाळताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. राजाने नव्याने बहाल केलेल्या जमिनींच्या सनदा त्यांत आहेतच. परंतु पानोपानी भेटतात त्या आधीच होऊन गेलेल्या व्यवहारांना राजाने दिलेल्या पुष्टीच्या सनदा. कोणी आपली जमीन शेजाऱ्याला विकली, कोणी पत्नीला हयातीपुरता हक्क लिहून दिला, कोणी मठाकडून शेत कायमचे घेतले. आणि राजाने तो व्यवहार मान्य करून त्यावर आपली मुद्रा लावली. विकणारा राजी, घेणारा राजी, पैसे चुकते झालेले. मग या व्यवहारात राजाचा संबंध तो कोणता? या एका प्रश्नाच्या उत्तरात त्या काळच्या स्कॉटलंडचा पुष्कळसा इतिहास सामावलेला आहे.

सरंजामी कायद्याच्या दृष्टीने भूमीचा अंतिम स्वामी राजाच होता. त्याच्याकडून जमीन धारण करणारा तो त्याचा मांडलिक. या मांडलिकाला जमिनीचा उपभोग होता, वारसांकडे ती जात होती, न्यायदानाचे काही अधिकारही तिच्यासोबत येत. परंतु आपल्या जागी दुसरा मांडलिक राजाच्या माथी मारण्याचा अधिकार त्याला नव्हता. म्हणून जमिनीचे हस्तांतर दोन मार्गांनी होत असे. एक तर विकणाऱ्याने जमीन प्रथम राजाच्या हाती परत करावयाची आणि राजाने ती घेणाऱ्यास नव्या सनदेने द्यावयाची. नाहीतर विकणाऱ्याने स्वतःच सनद करून द्यावयाची आणि मागाहून तिच्यावर राजाची पुष्टी मिळवावयाची.

नुसत्या कागदाने मात्र काम भागत नसे. देणाऱ्याचा प्रतिनिधी त्या जमिनीवर जाऊन घेणाऱ्याच्या हाती तेथील माती आणि दगड देई. गिरणी किंवा मासेमारीचा हक्क यांच्यासाठी वेगळी प्रतीके असत. साक्षीदारांसमक्ष हा विधी झाला की लेखप्रमाणक त्याचे पत्र तयार करी. या विधीला कायदा किती महत्त्व देत असे, हे एका उदाहरणावरून कळेल. अमेरिकेतील नोव्हा स्कोशिया येथे वसाहत करण्यासाठी १६२५ पासून बॅरोनेट नेमण्यात आले. त्यांना समुद्रापलीकडील भूमीवर जावे लागू नये म्हणून एडिंबरोच्या किल्ल्यातील माती ही नोव्हा स्कोशियाचीच माती समजावी, अशी सोय करण्यात आली!

परंतु माती हाती आली तरी राजाची पुष्टी येईपर्यंत घेणाऱ्याचे आसन डळमळीतच राही. त्याने एकच जमीन दोघांना विकली गेल्याचे पाहिले, तर ज्याची पुष्टी आधी झाली त्याचा हक्क वरचढ ठरे. लष्करी चाकरीच्या बदल्यात धारण केलेल्या जमिनीचा अर्ध्याहून अधिक भाग राजाच्या संमतीवाचून विकला गेला, तर सगळीच जमीन राजाकडे परत जाण्याचा धोका असे. विकणाऱ्याच्या घाईची किंमत अशा वेळी विकत घेणाऱ्याच्या कुटुंबाला मोजावी लागे.

पुष्टी मिळविण्याचा मार्गही सोपा नव्हता. प्रथम मसुद्यावर राजाची सही व्हावयाची. तेथून तो लहान मोहरेकडे, मग खासगी मुद्रेकडे, आणि शेवटी महामुद्रेच्या कार्यालयात जावयाचा. प्रत्येक पायरीवर लेखनिक होते आणि त्यांचे शुल्क होते. शिवाय खजिनदाराशी ठरवून राजाला एक रक्कम द्यावी लागे. पूर्ण झालेली सनद लॅटिन भाषेत असे. म्हणजे ज्याच्या हक्काचे ते पत्र, त्याला ते बहुधा वाचताही येत नसे. गंमत अशी, की सनदेत लिहिलेला वार्षिक खंड कित्येकदा नाममात्र असे : एक पेनी किंवा गुलाबाचे एक फूल, आणि तेही मागितले तरच. गुलाबाचे फूल कोणी मागत नसे. पुष्टीची रक्कम मात्र आगाऊ मागितली जाई. राजाचे खरे उत्पन्न खंडात नव्हते, ते मंजुरीत होते.

एकदा मिळालेली पुष्टी तरी कायमची होती काय? येथे स्कॉटलंडच्या इतिहासातील एक विचित्र योगायोग आड येतो. तेथील राजे वारंवार अज्ञान वयात गादीवर आले. पाचवा जेम्स १५१३ मध्ये गादीवर बसला तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा होता. मेरी १५४२ मध्ये अवघ्या सहा दिवसांची. आणि सहावा जेम्स १५६७ मध्ये तेरा महिन्यांचा. बालराजाच्या नावाने कारभारी मंडळी जमिनी वाटीत. म्हणून पंचवीस वर्षे पुरी होण्यापूर्वी अज्ञानकाळातील दाने रद्द करण्याचा हक्क राजाला असे. ही रद्दबातल घोषणा झाली की जमीनधारकांनी पुन्हा सनदा घेऊन यावे, पुन्हा रक्कम भरावी आणि पुन्हा पुष्टी घ्यावी. राजाला पैसा हवा होता, जमीनधारकाला निर्धास्तपणा हवा होता. त्यांच्यातील हा सौदा पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला.

सोळाव्या शतकात या सौद्याची व्याप्ती एकाएकी वाढली. चर्चच्या आणि मठांच्या विस्तीर्ण जमिनी मोठी रक्कम आगाऊ घेऊन, ठराविक वार्षिक खंडावर वंशपरंपरेने दिल्या जाऊ लागल्या. १५६० च्या धर्मसुधारणेपूर्वी अशा व्यवहाराला पोपची मान्यता लागे. नंतर ती जागा राजसत्तेने घेतली. घेणारे सगळेच सरदार नव्हते. काही मठांच्या जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या कुळांनीच आपापली शेते कायमची करून घेतली. ज्या कुळांपाशी आगाऊ रक्कम नव्हती, त्यांच्या डोक्यावर मात्र नवा मालक आला. ज्यांनी ती भरली त्यांचा पुढे फायदा झाला. कारण स्कॉटिश नाण्याची किंमत उतरत गेली आणि ठराविक खंड दरवर्षी हलका होत गेला. परंतु हा फायदा पदरात पडण्यासाठी राजाची पुष्टी हाती असावी लागे. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चर्मपत्र म्हणजे त्याच्या मुलाबाळांचे छप्परच होते.

ज्यांच्यापाशी हे चर्मपत्र नव्हते त्यांचे काय झाले, हे पश्चिमेकडील बेटांनी पाहिले. डोंगराळ मुलखातील कुळे जमिनीवरचा आपला हक्क वंशाच्या स्मृतीवर आणि तलवारीवर उभा आहे असे मानीत. आपला हक्क मेंढीच्या कातड्यावर अवलंबून नाही, अशा अर्थाची एक उक्ती केपॉकच्या मॅकडोनल्ड प्रमुखाच्या नावावर सांगितली जाते. १५९७ च्या डिसेंबरात पार्लमेंटने कायदा केला, की बेटांतील आणि डोंगरी मुलखातील सर्व जमीनधारकांनी १५ मे १५९८ पर्यंत आपले हक्काचे दस्तऐवज दाखवावेत. न दाखविल्यास जमीन गमवावी. लुईस बेटाच्या मॅक्लाउड घराण्यात तेव्हा वारसाहक्काचा रक्तरंजित तंटा चालला होता, आणि घराण्याची सनदांची पेटी आधीच प्रतिस्पर्धी मॅकेंझींच्या हाती गेली होती, असे कुळांच्या जुन्या बखरींत सांगितले आहे. लुईस बेट जप्त झाले आणि सखल प्रदेशातील, मुख्यतः फाइफ परगण्यातील, धाडसी गृहस्थांच्या एका मंडळीला देण्यात आले. त्यांनी १५९८ पासून स्टोर्नोवे येथे तीनदा वसाहत करण्याचा प्रयत्न केला. बेटकऱ्यांनी तिन्ही वेळा त्यांना टिकू दिले नाही. अखेर १६१० मध्ये त्यांनी आपला हक्क मॅकेंझींना विकला. मॅक्लाउडांपाशी तलवार होती, पण कागद नव्हता; फाइफकरांपाशी कागद होता, पण बळ नव्हते. ज्यांच्यापाशी दोन्ही होते ते मॅकेंझी तेथे टिकले.

या सगळ्या अनुभवातून खरा तोडगा निघाला तो १६१७ मध्ये. त्या वर्षी पार्लमेंटने दोन कायदे केले. एका कायद्याने जमिनीचा ताबा देणारे प्रत्येक पत्र साठ दिवसांच्या आत सार्वजनिक नोंदवहीत नोंदविणे आवश्यक झाले. दुसऱ्याने असे ठरविले, की योग्य दस्तऐवजाच्या आधारे चाळीस वर्षे अखंड आणि निर्वेध वहिवाट केलेल्या माणसाला पुढे कोणीही, अगदी राजानेही, त्रास देऊ नये. राजाची पुष्टी यानंतरही लागत राहिली. परंतु हक्काची भिस्त आता केवळ राजाच्या मर्जीवर न राहता उघड नोंदीवर आणि काळाच्या साक्षीवर राहू लागली.

जुनी सवय मात्र एका कायद्याने जात नाही. पहिला चार्ल्स १६२५ मध्ये गादीवर आला आणि त्याच वर्षी त्याने १५४० पासूनची राजघराण्याच्या व चर्चच्या मालमत्तेची दाने रद्द करण्याची घोषणा केली. भरपाई देऊन नव्या अटींवर जमिनी परत करण्याचा त्याचा हेतू होता. तरीही आजोबा-पणजोबांच्या काळापासून वहिवाटीत असलेल्या जमिनींचे हक्क एका घोषणेने संशयास्पद झाले. सरदार आणि जमीनदार यांचा राजावरील विश्वास उडाला. १६३८ मध्ये राष्ट्रीय प्रतिज्ञापत्रावर सह्या करणाऱ्यांच्या मनात धर्माची तळमळ होतीच. परंतु जमिनीविषयीची ही भीतीही कित्येकांच्या मनात होती. समकालीन इतिहासकार सर जेम्स बॅल्फर यांनी तर पुढील सर्व अनर्थांचे मूळ या रद्दबातल घोषणेतच पाहिले.

यानंतर या व्यवस्थेचे एकेक अंग गळत गेले. लष्करी चाकरीवरील भूधारणा अठराव्या शतकाच्या मध्यास संपली. जमिनीवर जाऊन माती आणि दगड देण्याची आवश्यकता १८४५ मध्ये उरली नाही. आणि २८ नोव्हेंबर २००४ रोजी स्कॉटलंडमधील सरंजामी भूधारणेचीच समाप्ती झाली.

राजाच्या पुष्टीने जमीन वाढत नव्हती, पीक वाढत नव्हते. तिने मिळत होती ती रात्रीची शांत झोप. ती झोप जोवर एका माणसाच्या इच्छेवर अवलंबून होती, तोवर ती प्रत्येक पिढीला नव्याने विकत घ्यावी लागली. सर्वांना पाहता येणारी नोंदवही उघडली गेली आणि निर्वेध वहिवाटीला कायद्याने मान दिला, तेव्हाच ती हळूहळू सामान्य धारकाच्या आवाक्यात आली. महामुद्रेच्या त्या अकरा खंडांतील हजारो नावे वाचताना हे ध्यानात ठेवावे : त्यांतील प्रत्येक नोंदीमागे, आपले घर उद्या आपलेच राहील काय, या काळजीने राजधानीची वाट धरलेला एक माणूस उभा आहे.