जान्हवीचं माहेर आणि आपलं

परवा बचत गटाच्या बैठकीत पैसे जमा झाले आणि गप्पा निघाल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ या जुन्या मालिकेच्या. २०१३ साली झी मराठीवर सुरू झाली होती. सगळ्यांना श्री आणि त्याच्या घरातल्या सहा बायका आठवतात. आम्हाला आठवलं ते जान्हवीचं माहेर. सावत्र आई शशिकलाचा डोळा तिच्या पगारावर. वडील गरीब स्वभावाचे, पण लेकीवर जीव. तरी सासर सुटलं तेव्हा जान्हवी त्याच घरी आली. दुसरीकडे जाणार तरी कुठे?

हे ऐकून गटातली एक ताई बोलली. दर आखाजीला भाऊ न्यायला येतो, झोका बांधतो, साडी घेतो. यंदा साडीबरोबर हक्कसोडपत्रही पुढे केलं. तिनं सही केली नाही. पण भाऊ तुटला तर आखाजीला जायचं कुठे, म्हणून रात्रभर डोळा लागला नाही.

२००५ च्या दुरुस्तीनं हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा आहे. आपल्या आदिवासी बहिणींना तो कायदा थेट लागू नाही. पण छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १७ जुलै २०२५ ला मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. मुलीला वाटा नाही अशी रूढी समोरच्यांना सिद्धच करता आली नाही. आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते फिरवणं फार अवघड, बरं का.

ताईनं तो कागद सध्या गटाच्या पेटीत ठेवलाय. पुढच्या बैठकीला भावालाही बोलावलंय. चहा आम्ही ठेवणार आहोत, येतो का बघू.