हाताला कळलं पाहिजे
(कारंजा लाड येथे विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. शाळा अर्ध्यातच सुटली, पुढचं शिक्षण सूतगिरणीत झालं. तिथलीच गोष्ट सांगतो.

बदली कामगार म्हणून लागलो तेव्हा पहिले काही दिवस आम्ही एका जुन्या कामगाराच्या मागे नुसते उभे राहून पाहत होतो. चाती मिनिटाला हजारो फेरे घेते. धागा तुटला की चाती थांबवायची, बॉबिनवरचं टोक शोधायचं, वर नेऊन रुळातून येणाऱ्या तंतूंना हलकेच टेकवायचं. पापणी लवते न लवते तोच काम झालेलं! आम्हाला वाटलं, एवढंच ना?

मग आमचा हात लागला. धागा जुळेना, जुळला तर पुन्हा तुटे. विचारलं, "काका, तुम्ही नेमकं करता काय?" ते म्हणाले, "मले सांगता नाही येत बापू, हाताले माहीत हाय." तेव्हा पुन्हा पाहिलं. आता मात्र दिसलं, की टोक टेकवणं आणि चाती सोडणं एकाच दमात होतं. म्हणजे पाहणं वाया जात नाही. पण हात चुकल्याशिवाय डोळ्याला कुठं पाहायचं ते कळत नाही.

बंधू-भगिनींनो, ज्यांना हातच लावू दिला नाही त्यांचं काय? मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात पगार जास्त. पण धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळ होतो म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. आणि इकडे वऱ्हाड-नागपुरात आपल्याच समाजातली कितीतरी घरं हातमागावर जाडंभरडं कापड विणत होती! विणकर होते, फक्त माग बंद होता. 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि ते खातं खुलं करण्याची मागणी लावून धरली.

आता आपल्या घरचं बोलू. विहारात शिलाई मशीन आहे. मुली भोवती उभ्या राहून पाहतात, चालवते एकच ताई. "सुई मोडेल, हात लावू नका," असं ओरडणारे आम्हीच. तेव्हा त्या खात्याचं दार अडवणाऱ्यांत आणि आमच्यात फरक तो काय राहिला?

म्हणून समितीला विनंती, उद्यापासून प्रत्येक मुलीला मशीनवर बसवा. आधी कागदावर बिनदोऱ्याची शिवण घालू द्या, मग चिंधीवर. ताईंनी जवळ उभं राहावं, पण हात मागे ठेवावेत. सुया मोडतील, मोडू द्या. त्याचे पैसे आमच्याकडून घ्या.

नमो बुद्धाय, जय भीम!