चार्ज देताना

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

उद्या-परवा तुम्ही कामाला लागाल तेव्हा बहुतेकांच्या वाट्याला पहिल्या दिवशी दुसऱ्याचं अर्धवट काम येईल. रुग्णालयात मागच्या पाळीतल्या डॉक्टरचे केसपेपर, तहसील कचेरीत बदली होऊन गेलेल्या माणसाच्या फायली, शाळेत वर्षाच्या मधोमध सोडलेला वर्ग. आपण म्हणतो, चार्ज घेतला. मला आज देशाच्या संरक्षणाच्या चार्जबद्दल बोलायचं आहे. निवडणूक होते, काल एकमेकांवर तुटून पडलेल्यांपैकी एकजण खुर्ची सोडतो आणि दुसरा बसतो. सीमा तीच असते, शेजारीही तेच असतात. मग हे ओझं एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातं कसं?

वर्ध्यात हा विषय परका नाही. जून १९४० मध्ये काँग्रेसची कार्यकारिणी इथे बसली होती. फ्रान्स कोसळत होता आणि गांधीजींचं म्हणणं होतं की स्वतंत्र भारतानं परचक्रालाही अहिंसेनंच तोंड द्यावं. राजाजी, सरदार पटेल, मौलाना आझाद यांना ते पेललं नाही. इंग्रजांविरुद्धच्या लढ्यापुरती अहिंसा मान्य, पण उद्या देश चालवायचा तर सैन्य लागेल, असं त्यांचं मत पडलं आणि कार्यकारिणीनं गांधीजींना त्या निर्णयाच्या जबाबदारीतून मोकळं केलं. खान अब्दुल गफार खान यांनी मात्र गांधीजींची बाजू धरली आणि कार्यकारिणी सोडली. देशाच्या हाती अजून सत्ता नव्हती, फौज नव्हती. तरी सत्ता आल्यावर काय करायचं, याचा कौल सेवाग्रामच्या उंबऱ्याशी लागला होता. स्वतंत्र भारताच्या प्रत्येक सरकारनं, ते कोणत्याही रंगाचं असो, त्या बैठकीतली राजाजींची बाजूच पुढे चालवली आहे. त्याच जिल्ह्यात, वर्ध्याहून गाडीनं तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा पुलगावला, देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक उभं आहे. सेवाग्राम आणि पुलगाव एका जिल्ह्यात असणं याला काहीजण विसंगती म्हणतात. मला ती विसंगती वाटत नाही. १९४०च्या त्या वादाची दोन्ही टोकं आपण जपून ठेवली आहेत, एवढंच.

ती बाजू प्रत्यक्षात चालवायची म्हणजे काय, हे पाहण्यासाठी आता यशवंतराव चव्हाणांकडे येऊ. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली, त्याच दिवशी चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण धावून गेल्यावर त्यानं काय केलं, ते फारसं कोणी सांगत नाही. त्यानं बैठका घेतल्या. तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांच्याबरोबर नियमित सकाळची बैठक सुरू केली. १९६४ पासून पाच वर्षांची संरक्षण योजना आखली. सव्वाआठ लाखांचं भूदल, त्यात डोंगरात लढण्यासाठी बांधलेल्या तुकड्या, ४५ स्क्वॉड्रनचं हवाई दल. ऐकायला रुक्ष वाटेल, पण मोडलेलं सैन्य असल्याच रुक्ष कागदांवर पुन्हा उभं राहतं.

ही योजना घेऊन चव्हाण मे १९६४ मध्ये अमेरिकेत मदत मागायला गेले. तिथे काय स्थिती होती? चीनच्या युद्धात भारताला तातडीनं शस्त्रं धाडणारे केनेडी नोव्हेंबर १९६३ मध्ये मारले गेले होते आणि त्यांच्या जागी आलेले राष्ट्राध्यक्ष जॉन्सन नवे होते. पण समोर बसलेली माणसं जुनीच होती, कारण संरक्षणमंत्री मॅक्नमारा आणि परराष्ट्रमंत्री रस्क या दोघांनाही जॉन्सननं जागेवर ठेवलं होतं. चर्चा चालू असतानाच २७ मे रोजी इकडे पंडित नेहरू गेले. त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंचे धनी सहा-सात महिन्यांत नाहीसे झाले होते. तरी बोलणी मोडली नाहीत. लालबहादूर शास्त्रींनी चव्हाणांना त्याच खात्यात ठेवलं आणि जूनमध्ये अमेरिकेनं काही मदत व काही कर्ज कबूल केलं. भारताला हवी असलेली एफ-१०४ लढाऊ विमानं मात्र दिली नाहीत. त्याच वर्षी चव्हाण मॉस्कोला गेले आणि मिग-२१ चा व्यवहार पुढे सरकला. पुढच्या वर्षी, १ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी, छांब भागात पाकिस्तानचे रणगाडे घुसल्यावर हवाई दल वापरण्याची परवानगी एअर मार्शल अर्जन सिंगांनी मागितली. चव्हाणांनी मंत्रिमंडळाची वाट न पाहता काही मिनिटांत ती दिली. एवढ्या लवकर होकार देणं जमलं, कारण माणूस तीन वर्षं त्याच खात्यात मुरला होता. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी गेल्यावर इंदिराजींनीही काही महिने त्यांना तिथेच ठेवलं.

इथे थांबलो तर हे भाषण सोपं होईल. सातत्य चांगलं, चव्हाण थोर, टाळ्या. पण जॉन्सननं ज्यांना जागेवर ठेवलं, त्याच मॅक्नमारा-रस्क यांच्या सल्ल्यानं अमेरिका व्हिएतनाममध्ये खोल खोल रुतत गेली. आधीच्यानं सुरू केलेलं आपण कसं सोडायचं, ही भीती नव्या माणसाला फार असते. २००९ मध्ये ओबामांनी सत्तेवर येताच पहिल्याच आठवड्यात ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा हुकूम काढला. आठ वर्षं राज्य करून ते गेले, तुरुंग राहिला. बुश यांचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनाही त्यांनी ठेवून घेतलं होतं. सत्तांतर झालं की धोरण बदलतं, असं मतदाराला वाटतं. संरक्षणाच्या बाबतीत ते जेवढं वाटतं तेवढं बदलत नाही. अमेरिकेत नाही, आपल्याकडेही नाही. त्यात सुरक्षितपणा आहे आणि फसगतही आहे.

आपल्याकडचं सर्वांत देखणं उदाहरण विदर्भाला जवळचं आहे. पी. व्ही. नरसिंह रावांना आपल्या शेजारच्या रामटेकनं १९८४ आणि १९८९ मध्ये दोनदा लोकसभेवर पाठवलं. पंतप्रधान असताना १९९५ च्या अखेरीस त्यांनी पोखरणला अणुचाचणीची तयारी करवली, अमेरिकेच्या उपग्रहांनी ती टिपली आणि दबाव आल्यावर चाचणी थांबली. मे १९९६ मध्ये ते निवडणूक हरले आणि वाजपेयी आले. तेव्हा रावांनी अब्दुल कलाम आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष चिदंबरम यांना नव्या पंतप्रधानांना भेटवलं, हे कलामांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. तयारी झालेली आहे, असं रावांनी आपल्याला सांगितल्याचं वाजपेयींनीही राव गेल्यावर बोलून दाखवलं. ते सरकार तेरा दिवसांत पडलं. देवेगौडा, गुजराल यांनी चाचणी केली नाही, पण चाचणीबंदीच्या करारावर सहीही केली नाही. दार उघडं ठेवलं. मार्च १९९८ मध्ये वाजपेयी परत आले आणि ११ व १३ मे रोजी चाचण्या झाल्या. हरलेल्यानं जिंकलेल्याला सगळ्यात मोठं गुपित सांगितलं आणि त्याचं श्रेय स्वतःच्या हयातीत फारसं मागितलं नाही. आजच्या राजकारणात असं कोण करेल, हा प्रश्न मनात येतो. मी तो इथेच सोडतो.

हे साधलं ते गुप्ततेमुळे. जाणणारी माणसं मोजकीच होती. आणि नेमकं इथेच पुलगाव मला अडवतं.

३१ मे २०१६ च्या पहाटे त्या भांडारात आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मिळून सोळाहून अधिक माणसं गेली. चौकशीबद्दल वर्तमानपत्रांत जे आलं, त्यात स्फोटक पाझरणाऱ्या सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांकडे बोट होतं. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जवळच्या सोनेगावला जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागेवर स्फोट झाला. सहाजण गेले, त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. त्याच काळातले नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे दोन अहवाल शेजारी ठेवून पाहा. युद्धासाठी ४० दिवसांचा साठा हवा, असं ठरलेलं. मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसांहून कमी होता. सप्टेंबर २०१६ मध्ये तीच स्थिती ४० टक्के प्रकारांची होती. मधल्या काळात केंद्रातलं सरकार बदललं होतं, ते २०१४ मध्ये, आणि मोठ्या बहुमतानं. बॉम्बचा चार्ज जसा नीट दिला गेला, तसा टंचाईचा आणि हलगर्जीचाही गेला. फक्त तो कोणी कोणाला बसवून सांगितला नाही. यादीत संख्या असते. पाझरणारा सुरुंग यादीत धड सुरुंगाइतकाच एक मोजला जातो.

मला विचाराल तर गुप्तता हवी, पण ती पोखरणसारख्या ठिकाणी. पुलगावला ती महागात पडते. शत्रूला कळू नये म्हणून झाकलेली गोष्ट आपल्याच खासदाराला कळत नाही, मजुराच्या घरच्यांना तर नाहीच. आपल्याकडे संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आहे, १९९३ पासून आहे. तिच्यात सत्ताधारी आणि विरोधक एका टेबलाशी बसतात. हलगर्जीचा चार्ज घेणारी जागा खरं तर तीच, कारण सरकार पडलं तरी अशी समिती नव्या लोकसभेबरोबर पुन्हा बसते.

तुमच्यात देवळी, पुलगाव, सोनेगावकडचे काही असतील. हे त्यांना माझ्यापेक्षा जवळून ठाऊक आहे. काही सैन्याच्या वैद्यकीय दलात जातील, काही शस्त्रनिर्माणीत, काही बातम्या लिहितील. पुढच्या निवडणुकीत वर्ध्यातून कोणीही निवडून येवो, पहिल्या महिन्यात त्याला एवढंच विचारा: पुलगावबद्दल मागच्या खासदारानं तुम्हाला काय काय सांगितलं? ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तर दोघांनाही एका सभागृहात बोलवा. हे सभागृह त्यासाठी पुरेसं मोठं आहे.